मोर्चाला जायचंय, पण... (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात आपण २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या सोळा दिवसांबद्दल चार ओळी छापल्या होत्या. बायकांवरच्या हिंसेविरुद्ध हे दिवस जगभर पाळतात, आपल्याकडेही मोर्चे आणि मशाल फेऱ्या निघतात, तुम्ही जाणार असाल तर काय अडतंय ते कळवा असं म्हटलं होतं. पत्रं आणि मेसेज इतके आलेत की सगळे इथे मावणार नाहीत. २५ नोव्हेंबरच का, हे बऱ्याच जणींनी विचारलंय. १९६० साली याच तारखेला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या मिराबाल बहिणींपैकी तिघींना मारून टाकलं होतं, म्हणून ही तारीख, आणि १० डिसेंबर म्हणजे मानवी हक्क दिन. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत, काहींनी छापा म्हटलं होतं तरीपण, कारण गावं लहान असतात आणि ओळखायला वेळ लागत नाही.

ताई, मी बीएस्सी सेकंड इयरला आहे. कॉलेजच्या गेटवर रोज बाइकवाली पोरं उभी असतात, त्यावरून आमच्या इथे मोर्चा निघणारे. मला जायचंय, पण पप्पा म्हणतात केस पडली तर पासपोर्ट नाही, सरकारी नोकरी नाही. खरंच असं होतं का? (सोलापूर)

पप्पांची काळजी खोटी नाही, फक्त माहिती अर्धी आहे, ती पूर्ण करून त्यांच्यापुढे ठेव. परवानगी घेऊन निघालेल्या शांत मोर्चात चालणं हा गुन्हा नाही, घटनेच्या कलम १९ नं बिनाशस्त्र, शांतपणे जमायचा हक्क दिलाय. केस पडते ती जमावबंदी मोडली, रस्ता अडवला, दगडफेक झाली की. जमावबंदीचा आदेश महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली निघतो, एका वेळी पंधरा दिवसांपर्यंत चालतो आणि सणावाराला, निवडणुकीला एकामागून एक निघतच राहतो, त्यामुळे आयोजकांना सरळ म्हण, परवानगीचं पत्र दाखवा. यात लाजायचं काही नाही, नीट काम करणारे लोक ते पत्र मोबाइलमध्ये घेऊनच फिरतात.

बदलापूर पप्पांना आठवत असेल. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे शाळेत अगदी लहान मुलींवर अत्याचार झाला, पालकांना तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात तासन् तास बसवून ठेवलं, आणि २० ऑगस्टला लोक रुळावर उतरले ते संध्याकाळपर्यंत लोकल बंद. लोकांचा राग शंभर टक्के खरा होता, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना झापलं. पण रुळावर बसलेल्या कितीतरी जणांवर गुन्हेही दाखल झाले, कारण रेल्वे अडवणं हा रेल्वे कायद्यातला वेगळा गुन्हा आहे आणि कारण कितीही मोठं असलं तरी तो लागतो. म्हणून तुझ्यासाठी माझं सांगणं एवढंच, ठरलेल्या रस्त्यानं चालायचं, आणि मध्येच कुणी "चला हायवे रोखू" म्हणालं की मैत्रिणींचा हात धरून बाजूला व्हायचं.

पासपोर्टचं म्हणशील तर नुसता एफआयआर झाला म्हणजे कोर्टात खटला सुरू झाला असं होत नाही, पण पोलीस पडताळणीत विचारणा होते आणि खटला चालू असेल तर कोर्टाची परवानगी आणावी लागते, हेलपाटे पडतात, ते खरंय. अजून एक पप्पांना सांग, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. आणि आईला विचार ना, येतेस का म्हणून. तीही कधीतरी अशाच कुठल्या तरी गेटवरून मान खाली घालून गेलेली असणार.

नमस्कार मॅडम. आम्ही बचत गटाच्या बायका. आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर संध्याकाळी सातनंतर पोरींना उभं राहवत नाही, दारू पिऊन लोक बसलेले असतात, लाइट नसते. आम्हाला मोर्चा काढायचाय पण परवानगी कशी काढतात, कुणाला भेटायचं, काहीच माहीत नाही. (यवतमाळ जिल्हा)

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे. मोठमोठ्या मोर्चांचं घोडं तिथेच अडतं.

परवानगीचं सांगते. तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात पोलीस निरीक्षकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करायचा, निदान आठवडाभर आधी. त्यात तारीख, वेळ, कुठून निघणार, कुठल्या रस्त्यानं जाणार, कुठे संपणार, अंदाजे किती जणी, स्पीकर लावणार का, आणि दोन-तीन जणींची नावं आणि मोबाइल नंबर. स्पीकरची परवानगी वेगळी मागायची, रात्री दहा ते सकाळी सहा तो चालत नाही. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा, म्हणजे पोहोच. ठाणे अंमलदार म्हणतील "ठेवून जा, साहेब आले की बघतो", तर तिथेच बाकावर बसायचं, पोहोच मिळेपर्यंत उठायचं नाही. हो म्हणाले तर अटी काय घातल्यात त्या सगळ्या जणींना वाचून दाखवा. नाही म्हणाले तर "का नाही ते लेखी द्या" म्हणा. लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याचदा रस्ता किंवा वेळ बदलून परवानगी निघते.

आता मागणीचा कागद. "महिलांना सुरक्षा मिळालीच पाहिजे" असं निवेदन कुठलाही साहेब हसतमुखानं घेतो, फोटो काढतो आणि फाइलला लावतो, कारण त्यात त्याला करायचं असं काही नसतंच. तुम्ही असं लिहा: स्टँडच्या मागच्या बाजूला इतके दिवे बंद आहेत, ते अमुक तारखेपर्यंत चालू करा. रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत सुरक्षारक्षक हजर पाहिजे आणि त्याचं नाव बोर्डावर पाहिजे. बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, ती बसवा. आवारात उभ्या बंद गाड्यांचे दरवाजे लॉक करा. ही शेवटची मागणी बारीक वाटेल, पण फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात स्वारगेटला काय झालं ते आठवा, पहाटे गावी जायला निघालेल्या मुलीला आवारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये नेऊन अत्याचार झाला, राज्यातल्या एवढ्या गजबजलेल्या स्टँडवर. प्रत्येक मागणी ज्याच्या हातात आहे त्याच्याच नावे द्या, स्टँडचं आगार व्यवस्थापकाला, बाहेरच्या रस्त्यावरचे दिवे नगरपंचायतीला, दारूचं पोलिसांना, आणि सगळ्याची एक प्रत तहसीलदारांना. मोर्चा संपवायचा तो अशा कुणाच्या तरी ऑफिसच्या दारात, चौकात नाही, आणि सुट्टीचा दिवस तर मुळीच नको.

आणि मोर्चानंतर दहा-पंधरा दिवसांनी पाच जणींनी ती पोहोच घेऊन परत जायचं. काय झालं विचारायचं. काहीच झालं नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, "आमच्या अमुक तारखेच्या निवेदनावर काय कार्यवाही केली" एवढाच प्रश्न. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ज्या गावांमधून बायका येणारेत तिथे महिला ग्रामसभा असते, तिच्यात ठराव घेतला तर त्याची नक्कल निवेदनाला जोडा, कागदाचं वजन वाढतं. मला विचाराल तर मोर्चा म्हणजे या सगळ्यातला मधला एक दिवस आहे. आधीचं आणि नंतरचं केलं नाही तर तो दिवस नुसता फोटोपुरता उरतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं. तुमच्या भागात कुणावर अत्याचार झालेला असेल तर तिचं नाव, फोटो, शाळेचं नाव, आईवडिलांचं नाव बॅनरवर घालायचं नाही, स्टेटसलाही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि मुलगी हयात नसली तरी, घरचे हो म्हणाले तरी, तेवढ्यावर नाव लावता येत नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. श्रद्धांजलीच्या बॅनरवर हसऱ्या मुलीचा मोठा फोटो आणि खाली स्थानिक नेत्याचं नाव, असं बघितलं की संताप येतो. तिचा चेहरा म्हणजे कुणाच्या प्रचाराची जागा नाही.

वय ५८, गुडघे दुखतात, शुगर आहे, दर तासाला बाथरूमला जावं लागतं. सुना जातायत, मला पण जायचंय. जमेल का?

जमेल काकू. सुरुवातीला जाऊ नका, जिथे मोर्चा संपतो तिथे रिक्षानं आधी जाऊन बसा, तिथेच भाषणं होतात, निवेदन दिलं जातं आणि तिथेच बायका टिकून बसायला हव्या असतात. पिशवीत गोळी, बिस्कीट, पाण्याची बाटली. आणि बाथरूमचं लाजून मनात ठेवू नका, आयोजकांना आधीच फोन करून विचारा की वाटेत बायकांसाठी सोय कुठे आहे. एखादी शाळा, मंगल कार्यालय, ओळखीचा दवाखाना, तासाभरासाठी उघडा ठेवतात, पण कुणी तरी विचारावं लागतं. मोर्चाच्या दिवशी सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या कितीतरी बायका असतात आणि मग उन्हात चक्कर येते.

मी पुरुष, वय ३४, कंपनीत आहे. बायको जाणारे. मी गेलो तर लोक म्हणतील बायकांच्यात काय काम, नाही गेलो तर मनाला लागतं. आणि गेलो तर करू काय तिथे? (नाशिक)

जा. बिनधास्त जा. पुढच्या रांगेत, बॅनर धरून, माइकजवळ मात्र नको, ती जागा बायकांची राहू द्या. कामं भरपूर असतात, चौकात ट्रॅफिक थांबवायची, पाण्याचे कॅन उचलायचे, दोरी धरून कडेनं चालायचं, पोरं सांभाळायची म्हणजे त्यांच्या आया घोषणा देऊ शकतील. गर्दीचा फायदा घेऊन हात लावणारे लोक अशा मोर्चातपण घुसतात हे दुर्दैवानं खरंय, तेव्हा तसं दिसलं तर तुम्ही बघ्याच्या भूमिकेत राहू नका, त्या बाईला विचारा तुम्हाला काय करायचंय, आणि तिच्या बाजूनं उभे राहा.

एका गोष्टीवर मात्र स्पष्ट बोलते, कारण ती पुरुषच जास्त करतात. मोर्चात कुणी तरी बांगड्यांचं ताट आणतं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवतं, "भरा बांगड्या". टीव्हीला दाखवायला मस्त दृश्य. पण जरा विचार करा, बायकांवरच्या हिंसेच्या विरोधात जमलेल्या हजार बायकांच्या हातात त्याच बांगड्या असतात, आणि त्यांच्यासमोर आपण म्हणतोय की नालायक माणसानं हे घालावं. असं ताट आणलेलं दिसलं तर प्लीज ते बाजूला ठेवायला लावा. पुरुषानं सांगितलं तर पुरुष ऐकतात.

आणि सोमवारी ऑफिसला गेल्यावर त्या ग्रुपवर, तुम्हाला माहितीये कुठल्या, बायकांवरचा तो जोक आला की "नको रे हे" एवढं टाइप करा. मोर्चात चालण्यापेक्षा ते अवघड जातं, मला ठाऊक आहे.

मी एका कपड्याच्या दुकानात कामाला आहे, आम्ही सहा जणी. मालक अंगाला हात लावतो, रात्री मेसेज करतो. दीड महिना झाला मी कामावर गेले नाही. मैत्रिणी म्हणतात मोर्चाला चल, बोल तिथे. मला भीती वाटते. (नाव, गाव देऊ नये)

तू कुठेही बोलायला बांधील नाहीस, आधी हे मनातून काढून टाक. मोर्चाला गेलीस तर चेहरा झाकून मागे चाल, घोषणा नाही दिल्यास तरी चालेल, मध्येच रडू आलं तर मैत्रिणीसोबत घरी ये, नाही गेलीस तरी कुणी तुला भित्री म्हणायचं कारण नाही. माइकवर तर मालकाचं नाव आत्ता घेऊच नकोस, तो बदनामीची धमकी द्यायला मोकळा होतो आणि तुझी तक्रार मागे पडते.

पण दीड महिना झालाय म्हणतेस, म्हणून एक गोष्ट लवकर कर. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा आहे, त्यात शेवटची घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, कारण पटलं तर समिती अजून तीन महिने वाढवून देऊ शकते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती असते, कलेक्टर ऑफिसात किंवा महिला व बालविकास खात्याच्या जिल्हा ऑफिसात चौकशी कर. घरकाम करणाऱ्या बायकांनाही ही समिती आहे, हे कुणी सांगतच नाही म्हणून इथे लिहितेय. मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट काढून मैत्रिणीला पाठवून ठेव. आणि त्याशिवाय पोलिसात पण जाता येतं, हात लावणं, नको असताना मागे लागून मेसेज करणं हे न्याय संहितेत कलम ७४, ७५ आणि ७८ मध्ये येतं. विनयभंगाची, बलात्काराची तक्रार पोलिसांनी नोंदवूनच घेतली नाही तर तो त्या पोलिसाचाच गुन्हा होतो, कलम १९९. हद्द आमची नाही असंही म्हणता येत नाही, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो.

वकिलाचे पैसे कुठून आणू असं मनात येईल. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोनवर बोलायचं तर १८१. तू एकटी जाऊ नकोस, बाकीच्या पाच जणींपैकी एखादीला तरी विचार. माझा अनुभव असा की तिलाही तेच मेसेज आलेले असतात.

"फाशी द्या, फाशी द्या" ही घोषणा तुम्ही देता का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडणं झालीत. (पुणे)

मी देत नाही. जी देते तिचा राग मला कळतो, तिच्याशी मी भांडायला जाणार नाही, पण माझं कारण सांगते. बलात्काराच्या गुन्ह्यांच्या नोंदी बघा, दर वर्षी दहातल्या नवाहून जास्त केसमध्ये आरोपी ओळखीचा असतो, शेजारी, नातेवाईक, लग्नाचं वचन देणारा. सख्ख्या काकाला फाशी होणार म्हटल्यावर घरातली किती माणसं त्या पोरीला बोलू देतील? दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर डिसेंबर २०१२ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली, तिनं महिनाभरात अहवाल दिला आणि फाशीची शिफारस केली नाही. आपल्या मुंबईचं शक्ती मिलचं सामूहिक बलात्काराचं प्रकरण घ्या, २०१४ ला तिघांना फाशी सुनावली, सगळीकडे आनंद झाला, आणि नोव्हेंबर २०२१ ला हायकोर्टानं ती मरेपर्यंत जन्मठेपेत बदलली. शिक्षा किती मोठी यापेक्षा ती होणार की नाही, आणि कधी होणार, यावर माझा जीव अडकलाय. तक्रार त्याच दिवशी नोंदवा, वैद्यकीय तपासणी नीट करा, फास्ट ट्रॅक कोर्टात न्यायाधीश आणि सरकारी वकील नेमा. घोषणेच्या चालीत हे बसत नाही, मान्य, पण बसवता येतं, तरुण पोरी छान बसवतात.

जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. मोर्चाला गेले तर नोटीस येईल का?

रजा टाकून, राजकीय पक्षाचा झेंडा नसलेल्या, परवानगीच्या शांत मोर्चाला गेलात तर घाबरायचं कारण मला दिसत नाही. सरकारी नोकरांना निदर्शनं सरसकट बंद करणारा नियम सुप्रीम कोर्टानं १९६२ मध्येच, बिहारच्या कामेश्वर प्रसाद खटल्यात, घटनाबाह्य ठरवलाय. संपाचा हक्क मात्र दिला नाही, आणि वर्तणूक नियम तुम्हाला लागू आहेतच, त्यामुळे सरकारविरुद्ध भाषण, पक्षाचं स्टेज आणि शाळेच्या वेळेत विद्यार्थ्यांना घेऊन जाणं हे टाळा.

ताई आमची वस्ती गावाच्या बाहेर. आम्ही ऊसतोडीला जातो. दोन वर्षांमागं आमच्यातल्या एका पोरीसंगं वाईट झालं, कुणी आलं न्हाई, मेणबत्ती लावली न्हाई, पेपरात आलं न्हाई. आता शहरातल्या मॅडम लोक म्हणत्यात गाडी पाठवतो, मोर्चाला या. आम्ही का म्हणून जायचं? (बीड जिल्हा)

तुमचं पत्र आल्यापासून रोज डोक्यात आहे. तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि तो त्या मॅडमना तोंडावर विचारायला पाहिजे.

कोणासाठी मोर्चा निघतो आणि कोणासाठी नाही, हे जात, पैसा, आणि घटना शहरापासून किती लांब घडली यावर ठरत आलंय. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला एका दलित घरातली आई, मुलगी आणि दोन मुलं गावानं मारली. त्यानंतर कितीतरी दिवस मोठ्या वर्तमानपत्रांना ती बातमी वाटली नाही. नोव्हेंबर उजाडला, विदर्भातले दलित बाया-बापे रस्त्यावर आले, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा देशाला खैरलांजी कुठे आहे ते कळलं.

त्याच्याही आधीचं सांगते, कारण आज कुठलीही बाई पोलिसात तक्रार द्यायला जाते तेव्हा तिच्यामागे जो कायदा उभा असतो त्याची सुरुवात तुमच्यासारख्याच एका मजूर पोरीपासून झालीये. चंद्रपूर जिल्ह्यातलं, आता गडचिरोलीत येणारं देसाईगंज, मार्च १९७२. मथुरा नावाची आदिवासी मुलगी, आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी. पोलीस ठाण्यात तक्रारीसाठी बोलावलेलं, घरचे बाहेर उभे, आणि आत दोन पोलिसांनी अत्याचार केला. सेशन्स कोर्टानं पोलिसांना सोडलं, नागपूरच्या हायकोर्टानं दोषी धरलं, आणि १९७८ ला सुप्रीम कोर्टानं परत सोडलं. म्हणे अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिनं विरोध केला नाही. तोपर्यंत सहा वर्षं झालेली, तिच्यासाठी कुणीही रस्त्यावर आलेलं नव्हतं. मग १९७९ ला उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बायकांनी बलात्कारविरोधी मंच काढला आणि ८ मार्च १९८० ला मुंबईत आणि इतरही शहरांत बायका या एका निकालाविरुद्ध बाहेर पडल्या. १९८३ ला कायदा बदलला. कोठडीत अत्याचार झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टानं ते धरून चालायचं. खटला बंद खोलीत चालवायचा. पीडितेचं नाव छापायचं नाही. वर बचत गटाच्या बायकांना ज्या नियमाचं सांगितलं तो तिथून आलाय.

हे सांगून मी तुम्हाला "म्हणून या" असं म्हणत नाहीये. मथुराला स्वतःला न्याय मिळालाच नाही, ते दोघे सुटले ते सुटलेच. तिच्या नावानं बाकीच्यांना कायदा मिळाला. परत तसंच व्हायला नको असेल तर तुम्ही अटी घालून जा. निवेदनात तुमच्या वस्तीतल्या पोरीची केस, नाव न घेता, पहिल्या पानावर पाहिजे. माइक तुमच्यातल्या बाईच्या हातात पाहिजे, कुणी लिहून दिलेलं वाचायला नाही. ज्यांची रोजी बुडणार त्यांच्या रोजीचं काय ते आधी ठरवायचं. गाडी आणते तशी रात्री वस्तीपर्यंत सोडणार का ते विचारायचं. यातलं एकही मान्य नसेल तर जाऊ नका, आणि का गेलो नाही ते सगळ्यांना सांगा.

मोर्चा बाजूला ठेवून अजून महत्त्वाचं. दोन वर्षं झाली म्हणून संपलं असं समजू नका. इतक्या मोठ्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते, आजही एफआयआर होतो. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतो. ती दलित-आदिवासी आणि आरोपी त्या समाजातला नसेल तर अॅट्रॉसिटी लागतो, आणि मग तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, खालच्यानं नाही. राज्याची मनोधैर्य योजना आहे, मदतीची, तिचं काम पण जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडेच चालतं. ज्या मॅडम गाडी पाठवतायत त्यांना म्हणा, मोर्चाच्या आधी एक दिवस आमच्यासोबत ठाण्यात चला. येतात का बघा. आल्या तर त्या कामाच्या आहेत.

मी ट्रान्सवुमन आहे. बायकांच्या मोर्चात मला घेतील का? (ठाणे)

घ्यायलाच पाहिजे, आणि आयोजक कां-कूं करत असतील तर त्यांना हे पत्र दाखवा. तुमच्याकडे स्वतःची मागणीही आहे: २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्यात लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा आहे, तोच गुन्हा बाईबाबत झाला तर किमान दहा. हा फरक फलकावर लिहून आणा, मोठ्या अक्षरात, बहुतेक लोकांना हे माहीतच नसतं.

मोर्चा रात्री दहाला कशाला? आधीच रात्र बायकांना धोक्याची, त्यात मुद्दाम बाहेर का पडायचं? (ठाणे)

मुद्दामच पडायचं, तेच तर म्हणणं आहे. १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये लीड्सला बायकांचे खून होत होते आणि पोलीस म्हणत होते बायकांनी रात्री घराबाहेर पडू नये. तिथल्या बायका मशाली घेऊन रात्री रस्त्यावर आल्या, की खुनी पुरुष आहे तर कोंडून आम्ही का घ्यायचं. कोलकात्यात आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीची हत्या झाली तेव्हा १४ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री बंगालभर बायका तशाच बाहेर पडल्या. पण परतायची सोय आधी ठरवून जा, शेवटच्या लोकलची वेळ बघून, घोळक्यानं, आणि घरी पोचल्यावर ग्रुपवर मेसेज टाकेपर्यंत कुणी झोपायचं नाही.

मुलगी सात वर्षांची आहे. तिला घेऊन जाऊ का? तिला काय सांगू कशासाठी चाललोय? (कोल्हापूर)

दिवसाचा, छोटा मोर्चा असेल तर न्या, कडेनं चाला, तिच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. सांगायचं तिच्या भाषेत: काही लोक मुलींना आणि बायकांना त्रास देतात, ते चूक आहे, आणि तसं कुणी केलं तर लपवायचं नाही हे सांगायला आपण सगळे चाललोय. मग ती विचारेल कसला त्रास, तेव्हा अंगाच्या कुठल्या भागाला कुणी हात लावायचा नाही हे नीट नाव घेऊन सांगा, आणि हेही की हात लावणारा काका-मामा-सर असला तरी आईबाबांना सांगायचं, आई रागावणार नाही. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर पाठ करून घ्या. फलकांवर जे भयंकर वर्णन असतं ते वाचायला लागली तर तिथून पुढे सरका, आणि अर्ध्यात कंटाळली तर खुशाल घरी घेऊन या.